बाणातला ण आणि ईडलिंबातला ई

पुण्यातली मुलं अजून लिहायला-वाचायला शिकतात की नाही, अशी ज्याला शंका असेल त्यानं जून महिन्यात आप्पा बळवंत चौकात उभं राहून दाखवावं. वरून पाऊस, दोन्ही बाजूंनी दुचाक्या आणि मधे पालक. प्रत्येकाच्या हातात शाळेनं दिलेली भिजकी यादी: एकरेघी चार, दुरेघी सहा, चौरेघी दोन, चौकटीची तीन, खाकी कव्हरं, नावाच्या चिठ्ठ्या. दुकानदार यादीकडे ढुंकून बघत नाही. "शाळा कुठली?" एवढं विचारतो, आणि उत्तर संपायच्या आत गठ्ठा तुमच्या पुढ्यात आपटतो. मुलाचं नाव, इयत्ता, बुद्धी यांच्याशी त्याला कर्तव्य नसतं. मी नातीसाठी अंकलिपी मागितली.

"छोटी का मोठी?"

"दोन्हींत फरक काय आहे?"

"एक छोटी आहे, एक मोठी आहे."

या चौकात यापेक्षा जास्त माहिती कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही. मी मोठी घेतली.

नात इंग्रजी माध्यमात आहे. २०२० साली कायदा झाला आणि महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं झालं. सक्ती शाळांवर झाली, पण अंमलबजावणी आजी-आजोबांकडे आली. सुनेचं म्हणणं, "आई, तुमचं मराठी छान आहे." हे वाक्य पुण्यात काम गळ्यात मारताना वापरतात.

अंकलिपी उघडली आणि बरं वाटलं. माझ्या लहानपणापासून जगात काय काय बदललं, पुण्याचं तर नावच काढू नका. पण 'ई' अजून ईडलिंबातच मुक्कामाला आहे. मी जन्मात ईडलिंबू पाहिलेलं नाही. सगळा संसार मंडईच्या भाजीवर झाला, पण "घ्या ताई, ईडलिंबू ताजं आहे" अशी हाक कधी कानावर आली नाही. मोठ्या जातीचं लिंबू असतं आणि लोणच्याला चांगलं, असं जाणकार सांगतात. सांगोत बापडे. हे झाड वर्णमालेची सोय म्हणूनच लावलं असावं असं माझं मत होत चाललं आहे. ई वरून 'ईश्वर' घेता आला असता, पण मग चित्र कुणाचं काढायचं यावरून छापखाना बंद पडला असता. लिंबावरून भांडण होत नाही.

पुढे उखळ, एडका, ऐरण, औत. व्यंजनांत खटारा आणि यज्ञ. फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीला बोट करून दाखवावी अशी यातली एकही वस्तू आमच्या सोसायटीत नाही. अपवाद खटाऱ्याचा. तो पार्किंगमध्ये उभा आहे, आणि विकायचा नाही असं आमच्या ह्यांचं म्हणणं आहे.

"आजी, ऐरण म्हणजे काय?"

"लोहार तिच्यावर लोखंड ठेवून ठोकतो ना, ती."

"लोहार म्हणजे?"

"पान उलट."

पुढच्या पानावर औत होतं.

'ङ' आणि 'ञ' यांच्या चौकटी मी शाळेत होते तेव्हाही रिकाम्या होत्या, आजही आहेत. वर्षानुवर्षं हजेरीपटावर नाव असलेल्या, पण वर्गात कुणी न पाहिलेल्या मुलांसारखी ही दोन अक्षरं. 'ण' आणि 'ळ' शब्दाच्या तोंडाशी येत नाहीत, म्हणून त्यांना बाणाचं आणि बाळाचं चित्र मिळतं आणि बाणावर बोट ठेवून "यातला पहिला नाही हं, दुसरा" असं समजवावं लागतं. 'अं' आणि 'अः' ही अक्षरं आहेत की बाईंना खोकला झालाय, हे मुलांना पहिलं सत्र संपेपर्यंत कळत नाही.

आमच्या शेजारच्या बाई महापालिकेच्या शाळेत पहिलीला शिकवतात. आता निवृत्तीला आल्या आहेत. त्यांच्या वर्गात ही अंकलिपी उलटीच चालते. शाळा मराठी माध्यमाची; पण मुलं कुणाची कानडी बोलणारी, कुणाची हिंदी, कुणाची तेलुगू, आणि घरी मराठी असलंच तर ते लातूरचं, नाहीतर माणदेशाकडचं. बाईंनी एकदा एडक्याचं चित्र वर धरलं आणि विचारलं, "हे काय?" आमच्या सोसायटीत या चित्राला एकमुखानं 'गोट' म्हणतात. तिथे एका धनगराच्या पोरानं पुढे येऊन चित्र नीट निरखलं आणि निकाल दिला, "बाई, ह्यो एडका न्हाई. मेंढी हाय. एडक्याची शिंगं अशी असत्यात व्हय?" मग खडू मागून घेऊन त्यानं फळ्यावर शिंगं काढून दाखवली. पोराला 'ए' काढता येत नव्हता, पण शिंगं अशी वळणदार काढली होती की बाईंनी ती आठवडाभर पुसली नाहीत. ऐरण दाखवली तेव्हा एक घिसाड्याची मुलगी उठून म्हणाली, "आमच्या पालात हाय. आणू का?" बाईंनी घाईघाईनं नको म्हटलं; वर्ग पहिल्या मजल्यावर आहे.

म्हणजे ज्यांच्या घरात अंकलिपी नाही त्यांच्या घरात अंकलिपीतल्या वस्तू आहेत. ईडलिंबू मात्र तिथेही कुणी ओळखलं नाही. बऱ्याच चर्चेअंती तो पेरू आहे असं ठरलं, आणि त्या वर्षीची मुलं 'ई पेरूचा' म्हणत दुसरीत गेली.

याच वर्गात 'पाणी'चं 'पानी' होतं. ते ऐकून आमच्या ह्यांच्या कपाळावर आठी चढते. सदाशिव पेठेत जन्मलेल्या माणसाला न-ण चा घोटाळा म्हणजे नळाला पाणी न येण्याइतकाच गंभीर विषय. बाईंना त्यांनी एकदा टोकलंच. बाई म्हणाल्या, "काका, तो म्हणतो पानी, पण पितो बरोबर."

आता शिकवायची सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न. पूर्वीच्या पंतोजींच्या शाळेत तो नव्हता. धूळपाटीवर धूळ पसरायची, हातात काडी द्यायची आणि 'श्रीगणेशाय नमः' गिरवायला सांगायचं. जरा विचार करा. पहिल्याच दिवशी जोडाक्षर, तेही दीर्घ वेलांटीचं. मग बाणातला ण आणि त्यावर मात्रा. शहामृगातला श, आणि निघता निघता विसर्ग. मराठी लिपीत जेवढं म्हणून अवघड आहे ते पाच वर्षांच्या पोरापुढे एका ओळीत मांडून ठेवलेलं. त्यातून जो वाचला तो पुढे कशालाच घाबरत नसावा. जुने लोक कर्तबगार निघाले त्याचं श्रेय आपण उगाच साजूक तुपाला देतो. दसऱ्याला आम्ही पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायचो आणि खाली 'श्री' लिहायचो. घरचं कुणीतरी हात धरून लिहवून घ्यायचं. तो श्री इतका सुरेख यायचा की पुढे वर्षभर तसा एकही आला नाही.

मग कुणा शहाण्याच्या लक्षात आलं की अक्षरं वर्णमालेच्या क्रमानं शिकवण्यापेक्षा हाताच्या वळणाच्या क्रमानं शिकवावीत. उजवीकडे उभा दांडा असलेली सोपी अक्षरं आधी. त्यातून 'ग म भ न' आलं. हाताची सोय झाली यात वादच नाही. पण या चार अक्षरांत शब्द कुठले होतात ते पाहा: मन, नमन, मनन, गमन, गगन, नभ, मग, मगन, नग. म्हणजे शाळेच्या दुसऱ्या आठवड्यात पोर मनन करतं, नमन करतं आणि गगनात मगन होतं. आकाशाला त्याच्याजवळ दोन शब्द आहेत आणि पोळीला एकही नाही. ज्ञानेश्वरांना जे साधलं ते याला आषाढातच साधलेलं असतं; फक्त 'डबा' लिहिता येत नाही.

'डबा' येत नाही कारण काना अजून शिकवलेला नाही. काना नाही म्हणून आई नाही, बाबा नाही, मामा नाही, शाळासुद्धा नाही. आणि काना-मात्रा-वेलांटी नसलेल्या शब्दांत क्रियापदं कुठली उरतात? कर. बस. चल. पळ. बघ. धर. सगळे हुकूम. म्हणून पहिलीच्या पहिल्या महिन्यातलं जग असं असतं की कुणीतरी शरद किंवा मदन आहे आणि त्याला दुसरं कुणीतरी सारखं कामाला लावतंय. शरद, नळ बघ. मदन, गवत धर. रतन, वर चढ. कुणी प्रश्न विचारत नाही, कुणी नाही म्हणत नाही. नाही म्हणायला काना आणि वेलांटी दोन्ही लागतात.

बरं, त्या काळी हे चालून जाई, कारण वर्गात खरोखरच शरद, मदन, रतन, कमल आणि बबन बसलेले असत. बबनला पहिल्या महिन्यात स्वतःचं नाव लिहिता यायचं. यायचं म्हणजे काय, तो ते पाटीपासून मोरीच्या भिंतीपर्यंत सगळीकडे लिहायचा. आता बाईंचा किंवा नातीचा, कुठलाही हजेरीपट घ्या. अद्वैत, शौर्य, हृदयेश, स्पृहा, रुद्राक्ष, ऋग्वेद, क्षितिजा, कैवल्य. आई-बापांनी बारशाला सगळी जोडाक्षरं वापरून टाकली आहेत. स्पृहा बिचारी दुसरी संपत आली तरी 'स्पृ' जवळ थांबते आणि बाईंकडे बघते. एका मुलाच्या वहीवर मी 'अदवत' वाचलं. विचारलं तर म्हणाला, "पूर्ण नाव तिसरीत येतं."

हुकुमांची ही भाषा पुढे गावातही कामाला येते. शाळेत 'कर' आणि 'बस' शिकलेलं मूल रस्त्यावर आलं की त्याला पुढचा अभ्यासक्रम मिळतो: करू नये, बसू नये, टेकू नये, विचारू नये. आमची नात सलग वाचायला लागली ती कुठल्या धड्यावर नाही, जिन्यातल्या पाट्यांवर. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी दारावर लावलेली सूचना चांगली बारा ओळींची आहे, आणि तीत बेल वाजवायच्या वेळा, पद्धत आणि न वाजवायची कारणं दिली आहेत. वाचून होईपर्यंत बेल वाजवायचं कारणच संपतं. नातीनं ती संपूर्ण वाचली, मोठ्यानं, आणि मग बेल वाजवून सांगितलं की वाचली.

पुण्याला शिक्षणाचं माहेरघर म्हणतात. सासुरवास इथेच झाला होता, हे कुणी सांगत नाही. बुधवार पेठेत भिडे वाड्यात १८४८ साली जोतिबा आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी अक्षरं गिरवली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून. (आमच्या घरी नवऱ्याकडून फक्त शुद्धलेखन शिकायला मिळालं, पण तो वेगळा लेख आहे.) पोरींना ग म भ न शिकवायला जाणाऱ्या त्या बाईंवर या माहेरघरानं शेण आणि चिखल टाकला. त्यांना पिशवीत जादा लुगडं घेऊन शाळेत जावं लागे. आज पहिलीच्या बाई पिशवीत तक्ते, पोषण आहाराची वही आणि मतदार यादीचे कागद घेऊन जातात. लुगडं लागत नाही, एवढी प्रगती आहे. भिडे वाडा २०२३ च्या डिसेंबरात पाडला, स्मारक उभारायचं म्हणून. समोर दगडूशेठच्या गणपतीची रांग असते. विद्येच्या देवतेकडे तोंड आणि मुलींच्या पहिल्या शाळेकडे पाठ करून लोक तासन्‌तास उभे असतात, आणि हातात मुलांच्या परीक्षेचं पेन असतं, गणपतीच्या पायाला लावून आणायला.

कुणी शिकावं या भांडणात आमचे पूर्वज हरले. तेव्हापासून कसं लिहावं यावर भांडण चालू आहे, आणि त्यात हरायची कुणाची तयारी नाही.

सुरुवात साहेबानं केली. मेजर थॉमस कँडी पुण्यात बसून मराठी क्रमिक पुस्तकं तपासत. स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह ही मंडळी मराठीत रुळली त्यांच्या खटपटीनं. त्याआधी मोडीत तर शब्दही तोडत नसत. लेखणी उचलायची नाही, एका दमात ओळ संपवायची. मधे थांबावं, दुसऱ्यालाही श्वास घेऊ द्यावा, ही कल्पना बाहेरून यावी लागली यात मला नवल वाटत नाही. पुण्यात तोंडी बोलण्याला ती अजून लागू झालेली नाही.

पुढे १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम आले आणि ज्यांचा उच्चार होत नाही असे अनुस्वार गेले. माझे सासरे शेवटपर्यंत 'नांव', 'गांव', 'कांहीं' असंच लिहीत. कुणी दाखवून दिलं की म्हणायचे, "टिंब माझ्या शाईचं आहे, सरकारला का जड होतंय?" मग ६ नोव्हेंबर २००९ चा शासन निर्णय आला. ल पाकळीचा आणि श देठाचा काढावा असं त्यात ठरलं, आणि 'ॲ' व 'ऑ' हे दोघे, इतकी वर्षं बॅटीत आणि डॉक्टरात फुकट राबल्यावर, वर्णमालेत कायम झाले. छान झालं. पण मोबाइलमधला ल बहुतेक ठिकाणी हिंदी वळणाचा, दांड्याचा असतो. त्यामुळे नातीच्या लेखी दोन ल आहेत, एक बाईंचा आणि एक बाबांचा. बाबांना मेसेज करताना ती बाबांचा ल वापरते.

सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीच्या वाट्याला तर १९६७ पासून दर जूनला नवं पुस्तक आणि नवं भांडण येतं. 'विद्‌यार्थी' असा पाय मोडलेला द त्यांच्या पुस्तकांत दिसला तेव्हा आमच्या कट्ट्यावरचे अर्धे सभासद स्वतःचाच पाय मोडल्यासारखे कळवळले. पोरांचं म्हणणं कुणी विचारलं नाही. ते असं आहे की एकमेकांच्या पोटात घुसलेल्या अक्षरांपेक्षा ओळीत उभी असलेली अक्षरं वाचायला बरी पडतात. २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं आणि विधानसभेपर्यंत हशा पोचला. समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की आपण लिहितो आधी दहा आणि बोलतो आधी एक, त्यात मुलं अडखळतात. माझ्या नातीला त्यांचं म्हणणं पहिल्यांदाच पटलं असतं. तिला 'सत्तेचाळीस' म्हटलं की ती दोन्ही लिहून ठेवते, ४७ आणि ७४, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून एक खोडते.

ऱ्हस्व-दीर्घाचं खातं आमच्या ह्यांच्याकडे आहे. हे वर्तमानपत्र लाल पेन घेऊन वाचतात. बातमी काय आहे ते त्यांना संध्याकाळी माझ्याकडून कळतं. एक दिवस नातीला समोर बसवून त्यांनी उपान्त्य अक्षराचा नियम घेतला. 'मूल' दीर्घ, पण 'मुलं' ऱ्हस्व. 'फूल' दीर्घ, 'फुलं' ऱ्हस्व. 'सून' दीर्घ, 'सुना' ऱ्हस्व. नियम कशामुळे, ते ह्यांनी बराच वेळ सांगितलं. नात ऐकत होती. तिला सहा महिन्यांपूर्वी भाऊ झाला आहे. शेवटी ती म्हणाली, "कळलं. एकटं असलं की दीर्घ. दुसरं आलं की ऱ्हस्व."

ह्यांना पुढे बोलता येईना. व्याकरणात इतकं खरं उदाहरण त्यांनीही ऐकलं नव्हतं.

तिकडे बाईंनी नोकरीत पाहिलेल्या पद्धतींची यादी केली तर त्याचीच एक दुरेघी वही भरेल. खडू-फळा मोहीम, किमान अध्ययन क्षमता, सर्व शिक्षा अभियान, ज्ञानरचनावाद. प्रत्येकीचं प्रशिक्षण: सकाळी चहा, दुपारी गटचर्चा, संध्याकाळी फॉर्म. २०१५ च्या सुमारास प्रगत शैक्षणिक महाराष्ट्राची हवा होती, तेव्हा वर्गांच्या फरशीवर ऑइलपेंटनं अक्षरांचे तक्ते रंगवले गेले, मुलांनी उड्या मारत वाचावं म्हणून. बाईंच्या वर्गातली मुलं घरून शिकून आलेली की विद्येला पाय लावायचा नाही. 'क' वर पाय पडला की वाकून नमस्कार, 'म' वर पडला की नमस्कार. 'कमळ' वाचून होईपर्यंत तीन नमस्कार आणि घंटा. बाईंनी शेवटी त्यावर सतरंजी घातली आणि पाहणीच्या दिवशी काढायची असं ठरवून टाकलं.

आता निपुण भारत आहे. ५ जुलै २०२१ ला सुरू झालं. तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला २०२६-२७ पर्यंत समजून वाचता यावं, हे त्याचं लक्ष्य. याला कोण नाही म्हणेल? पण लक्ष्य आलं की माप येतं, आणि माप असं की दुसरीच्या मुलानं मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचावेत, तिसरीच्या मुलानं किमान ६०. मराठी शब्द म्हणजे काय हे दिल्लीत कुणी सांगितलं नसावं. 'शेजारच्यांबरोबरसुद्धा' हा मराठीत एक शब्द आहे. तो वाचून पोर दम घेतं तोवर इंग्रजीतलं पोर चार शब्द पुढे गेलेलं असतं. बाई मोबाइलवर घड्याळ लावून बसतात. एका मुलानं चिमणीची गोष्ट अशी धावत वाचली की पंखांचा वारा लागावा. साठ शब्द, मिनिट पूर्ण. बाईंनी कौतुकानं विचारलं, "मग काय झालं चिमणीचं?"

"मिनिट झालं ना बाई. तिचं राहिलं."

मी विचारलं, एवढ्या पद्धतींतून मुलं मग शिकतात कशी? बाई म्हणाल्या, "प्रशिक्षणाहून आलं की दार लावायचं आणि क कमळाचा घ्यायचा." हे त्या थोडं वाढवून सांगतात. खरं म्हणजे त्या वर्गातल्या मुलांना एकमेकांना चिठ्ठ्या लिहू देतात. बाकावर टपालपेटी म्हणून बुटांचं खोकं ठेवलंय. 'तु माज्या डब्यातल का खाल्ल' अशी चिठ्ठी आली की ती वाचायला तक्ता लागत नाही, घड्याळही लागत नाही. ज्याला आली तो शेवटच्या बाकापर्यंत जाऊन, जो वाचू शकतो त्याच्याकडून वाचून घेतो; आणि उत्तर द्यायचं असल्यामुळे दोन आठवड्यांत स्वतः वाचायला लागतो. त्यातलं शुद्धलेखन बाई तपासत नाहीत. त्यांना कोण कुणाचा डबा खातं ते कळतं.

घराघरांतून मात्र आपणच मुलांना इंग्रजी आधी शिकवतो, आणि त्याचं कारण माध्यम वगैरे नाही. कारण चॉकलेट आहे. मुलासमोर बोलायचं नसेल तर आई-बाप इंग्रजी अक्षरं सुटी करून बोलतात: सी, एच, ओ, सी. मूल बुचकळ्यात पडतं. मराठीत ही सोय नाही. 'चॉ-क-ले-ट' असं कितीही सुटं केलं तरी ते चॉकलेटच राहतं, कारण आपलं अक्षर लिहिलं तसंच बोलतं. त्यामुळे गुपितं इंग्रजीत गेली, आणि गुपित फोडायला मुलंही त्याच दिशेनं गेली. आमच्या नातीला 'आय-सी-ई' चारच्या वर्षी कळत होतं. 'बर्फ' मधला रफार अजून डोक्यावर बसत नाही. बाकी फोनला तर अक्षरओळख लागतच नाही. माइकचं बटण दाबायचं आणि 'कार्टून' म्हणायचं. एक दिवस ह्यांच्या फोनवर ती माइकमध्ये 'माकडाची गोष्ट' म्हणाली आणि शेजारी बसलेल्या ह्यांनी सवयीनं तिचा उच्चार सुधारला, तर फोननं माकडांचे उच्चार काढून दाखवले.

गेल्या रविवारी तिनं स्वतःहून पहिल्यांदा काहीतरी लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं, गुण नव्हते. बाळानं तिचे रंगखडू चावले होते, हे निमित्त. चौरेघी वहीचं पान फाडून तिनं खोलीच्या दारावर चिकटवलं:

'आत येवु नये. आलात तर चपल काडुन. बाळाला आनु नये. आज्जी चालेल.'

मी वाचून होते न होते तोच मागून लाल पेन आलं. 'येऊ', 'चप्पल', 'काढून', 'आणू', आणि समासात 'सुवाच्य, पण लक्ष द्यावे'. नातीनं ते पाहिलं. रडली नाही. आत गेली, पेन्सिलीला टोक केलं आणि तळाशी एक ओळ वाढवली:

'लाल पेन आनु नये.'

संध्याकाळी शेजारच्या बाई विरजण मागायला आल्या होत्या. त्यांना मी दार दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "स्वतःच्या मनानं लिहिलंय, अर्थ लागतोय, परिसराशी निगडित आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या वर्गात असती तर आजच निपुण करून टाकली असती."

"अहो, पण 'आनु' मधला न तरी बघा," आमचे हे म्हणाले.

"काका, तो दुसऱ्या सत्रात घेतात," बाई म्हणाल्या, आणि चपला काढून आत गेल्या.